हौदाचं गणित

१९८४पासून बाल्टिमोर, शिकागो, पिट्सबर्ग आणि लॉस एंजेलिस या चार अमेरिकी शहरांत जवळपास पाच हजार पुरुष दर सहा महिन्यांनी दवाखान्यात येऊ लागले. बाही वर सारायची, रक्त द्यायचं, निघायचं. सगळे समलिंगी किंवा उभयलिंगी. त्यांच्या ओळखीतली, त्यांच्याच वयाची धडधाकट माणसं एकामागून एक जात होती, आणि आपल्यालाही लागण झाली आहे का हे सांगणारी तपासणी बाजारात यायला अजून वर्ष होतं. त्या रक्तातलं थोडं लगेच तपासलं जाई. उरलेलं छोट्या कुप्यांत भरून गोठवून ठेवलं जाई. कशासाठी? पुढे कधी काही मोजता आलं तर हाताशी असावं म्हणून.

ते ‘काही’ म्हणजे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. देणाऱ्यांना नाही, घेणाऱ्यांनाही नाही. बारा वर्षांनी पिट्सबर्गमधल्या १८० जणांच्या कुप्यांतून जे निघालं, त्याकडे येऊच. त्याआधी हे बघायला हवं की एचआयव्हीच्या बाबतीत रक्ताला एवढं खोदून खोदून विचारावं का लागलं.

कारण हा आजार बोलत नाही. लागण झाल्यावर काही आठवड्यांत अनेकांना ताप येतो, अंग मोडून येतं, पुरळ उठतं. चार दिवस फ्लू झाला असं वाटून माणूस विसरूनही जातो. त्यानंतर औषध घेतलं नाही तर सरासरी दहा वर्षांची शांतता. माणूस नोकरी करतो, लग्नाला जातो, जिना चढतो. स्टेथोस्कोप लावून काही ऐकू येत नाही, एक्स-रेत काही दिसत नाही. आणि मग एक दिवस असा न्यूमोनिया होतो, जो धट्ट्याकट्ट्या माणसाला सहसा होतच नाही. काहींच्या वाट्याला ही शांतता दोन-तीन वर्षांचीच येते, काहींना वीस वर्षं मिळतात. कोणाला किती, हे ओळखायचं कशावरून?

पहिलं उत्तर अगदी सुरुवातीलाच हाती लागलं, आणि त्यामागचा योगायोग मला अजून अचंबित करतो. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची हकिगत छापून आली. एड्सची ही पहिली छापील नोंद. तिथल्या विद्यापीठातल्या मायकल गॉटलिब या तरुण डॉक्टरने त्यातल्या पहिल्या रुग्णाचं रक्त त्याआधी विद्यापीठातल्याच एका प्रयोगशाळेकडे दिलं होतं. तिथे एक नवी तपासणी नुकतीच हाताळायला घेतली होती. उत्तर आलं ते चक्रावणारं. रोगप्रतिकाराची सूत्रं हलवणाऱ्या, ज्यांना ‘मदतनीस’ टी-पेशी म्हणतात, त्या पेशी जवळजवळ नाहीशाच झाल्या होत्या.

साध्या सूक्ष्मदर्शकातून हे कधीच कळलं नसतं. मदतनीस टी-पेशी आणि तिची मारेकरी बहीण काचपट्टीवर हुबेहूब सारख्या दिसतात. दोन्ही गोल, दोन्ही जांभळ्या. फरक त्यांच्या अंगावरच्या प्रथिनांत. एकीवर सीडी-४, दुसरीवर सीडी-८. या प्रथिनांना नेमकं हुडकून चिकटणारी प्रतिपिंडं हवी तितकी बनवायची युक्ती केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी १९७५ साली शोधली होती. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला की झाली टिकली. हिरवी टिकली मदतनिसाच्या कपाळी, तांबडी मारेकरणीच्या.

पण लाखो पेशींच्या टिकल्या मोजणार कोण? यासाठीचं यंत्र आलं ते भलत्याच ठिकाणाहून. ज्या लॉस अलामोसमध्ये अणुबाँब घडला, तिथे मॅक फुलवायलर या संशोधकाने १९६५ साली पेशी वेगळ्या करणारं यंत्र बनवलं. शाईचे थेंब विजेने वळवून कागदावर नेम धरणारं एक तंत्र स्टॅनफर्डमध्ये तयार झालं होतं. फुलवायलरने शाईच्या जागी पेशी घातल्या. पुढे स्टॅनफर्डच्याच लिओनार्ड हर्झेनबर्गने त्याला टिकल्या ओळखायला शिकवलं. आज जिल्ह्याच्या गावातही सीडी-४ मोजणारी जी यंत्रं असतात, ती याच घराण्यातली. पंढरपूरच्या दर्शनबारीत गर्दीची जशी एकेरी रांग होते, तशा रक्तातल्या पेशी एका बारीक नळीतून एकेक करून लेसरच्या झोतासमोरून जातात. सेकंदाला हजारो. झोत पडला की टिकली चमकते, यंत्र नोंद घेतं, पुढची पेशी.

हा रोग दहा वर्षं आधी उघडकीला आला असता तर? ना टिकल्या, ना त्या ओळखणारी रांग. तरणी माणसं मरत आहेत एवढंच कळलं असतं.

मग १९८४मध्ये लंडन आणि पॅरिसमधल्या दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिलं की सीडी-४ ही नुसती खूण नाही. विषाणू पेशीत शिरतो तो तिलाच पकडून. म्हणजे डॉक्टर ज्या टिकलीवरून पेशी मोजत होते, तेच चोराचं दार होतं!

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. औषधाविना हा आकडा वर्षाला पन्नास ते शंभरने घसरत जातो. दोनशेच्या खाली गेला की एरवी गरीब असलेले जंतू माजतात. म्हणून १९९३पासून अमेरिकेत २००च्या खालचा आकडा हीच एड्सची एक व्याख्या झाली. भारतात १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत औषधं सुरू केली, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक, तेव्हाही औषध कोणाला आधी द्यायचं हे ठरवताना हाच २००चा उंबरठा होता. ही औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरच्या बाकांवर बसलेल्यांच्या तोंडी तेव्हापासून एकच प्रश्न: “सीडी-फोर किती आला?” दहावीचे मार्क विचारावेत तसा.

आणि मार्कांइतकाच तो फसवाही. सीडी-४ सकाळी-दुपारी कमी असतो, संध्याकाळी वाढतो. सर्दी झाली, उतरला. प्लीहा काढलेली असेल तर उगाच चढलेला दिसतो. गरोदरपणात रक्त पातळ होतं, आकडा खाली. ४२०चा ३८० झाला म्हणून रात्र जागून काढणाऱ्याला डॉक्टर सांगतात की एका आकड्याला काही अर्थ नाही, तीन-चार तपासण्यांची रेघ कुठे चालली आहे ते बघा. ते खरंच असतं. पण रात्र जागायची ती माणसं जागतातच.

याहून मोठी गोची वेगळीच आहे. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट पेशींपैकी (टी-पेशी याच जातीच्या) रक्तात असतात त्या जेमतेम दोन टक्के. बाकीच्या लसिका ग्रंथींत, प्लीहेत आणि फार मोठ्या प्रमाणावर आतड्याच्या अस्तरात. रक्तातली मोजणी म्हणजे चौकात उभे असलेले पोलीस मोजून शहराचं पोलीसबळ सांगणं. आधी माकडांत आणि मग माणसांत असं दिसलं की लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी-४ पेशींची धूळधाण उडते. चौकात बंदोबस्त दिसत असतो, पोलीस लाईन मात्र जळून गेलेली असते.

एकट्या सीडी-४वर भागत नाही म्हणून ऐंशीच्या दशकातच वेगवेगळ्या खुणांचा शोध सुरू झाला होता. विषाणूच्या गाभ्याचं कवच ज्या प्रथिनाचं, ते पी-२४ मोजून पाहिलं. ते सुरुवातीला दिसतं, मग प्रतिपिंडं त्याला घेरतात आणि ते दिसेनासं होतं, शेवटी पुन्हा डोकं वर काढतं. नव्या लागणीचं निदान करायला उत्तम, मधल्या दहा वर्षांत मुकं. मग बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आलं. आणि निओप्टेरिन, ज्याची कूळकथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हा पदार्थ १९६३ साली मधमाश्यांत सापडला. त्याच्या रसायनकुळाचं नाव ‘पंख’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं, कारण त्या कुळातली रंगद्रव्यं पहिल्यांदा फुलपाखरांच्या पंखांत दिसली. माणसाच्या शरीरात तो भक्षक पेशी बनवतात, आतून धोक्याची हाक आली की. लॉस एंजेलिसच्या जॉन फाही आणि सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं की सीडी-४ला निओप्टेरिनची किंवा बीटा-२ची जोड दिली तर पुढचा अंदाज आणखी नेमका येतो. फुलपाखराच्या पंखातल्या रंगाचा भाऊबंद माणसाचं उरलेलं आयुष्य मोजायला मदत करत होता.

पण या सगळ्या खुणा म्हणजे आग किती पसरली हे राखेवरून ओळखणं. खुद्द आगच मोजता येईल का?

रक्तातला विषाणू मोजायचा तर पंचाईत अशी की तो मोजण्याजोगाच नसतो. एका कणात आरएनएच्या दोन दोऱ्या, प्रत्येकीवर जेमतेम दहा हजार अक्षरं. (म्हणून रिपोर्टमध्ये १०,००० ‘कॉपी’ लिहिल्या असतील तर विषाणू ५,०००च असतात. कॉपी मोजतात दोरीच्या, कणांच्या नव्हे.) यावर दोन तोडगे निघाले. एक, दोरीच्याच नकला काढायच्या. कॅरी मलिसच्या पीसीआर तंत्राने प्रत्येक फेरीत दुप्पट. तीस फेऱ्यांत एकीच्या शंभर कोटींहून जास्त. जिथे मूळ माल जास्त, तिथे चमक लवकर दिसते. कितव्या फेरीत चमकलं यावरून सुरुवातीला किती होतं ते कळतं. दुसरा तोडगा मला जास्त देखणा वाटतो. त्यात दोरीला हातच लावायचा नाही. तिला एक रेणू चिकटवायचा, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या आणि प्रत्येक टोकाला एक दिवा. एका दोरीच्या जागी जेजुरीची दीपमाळ. मग एकूण उजेड मोजायचा.

हीच दीपमाळ घेऊन पिट्सबर्ग विद्यापीठाचे जॉन मेलर्स त्या गोठवलेल्या कुप्यांकडे गेले. १९८४-८५ साली रक्त दिलेले १८० पुरुष. त्यांचं पुढच्या दहा वर्षांत काय झालं ते कागदोपत्री ठाऊक होतं; कोण जगलं, कोण कधी गेलं. ठाऊक नव्हतं ते एवढंच की त्या पहिल्या दिवशी त्यांच्या रक्तात विषाणू किती होता. मेलर्स यांनी आकड्यांनुसार त्यांचे चार गट केले. सगळ्यात कमी विषाणू असलेल्या गटातल्या ८ टक्के लोकांना पाच वर्षांत एड्स झाला होता. सगळ्यात जास्त असलेल्या गटातल्या ६२ टक्क्यांना. आणि त्या पहिल्या दिवशी सीडी-४ उत्तम असलेल्यांमध्येही हाच क्रम दिसत होता. १९९६ साली हे छापून आलं. दहा वर्षांच्या शांततेत पुढचं किती लिहिलेलं होतं, ते एका कुपीत पहिल्यापासून होतं. वाचणारा डोळा तेवढा नंतर तयार झाला. त्यातले बरेच जण तोवर हयात नव्हते.

टफ्ट्स विद्यापीठाचे जॉन कॉफिन यांनी दोन्ही खुणांचं नातं आगगाडीच्या उपमेने सांगितलं. पुढे कुठेतरी रूळ तुटले आहेत. सीडी-४ म्हणजे तिथपर्यंत उरलेलं अंतर, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा, हा गाडीचा वेग. एका आकड्यावरून काही सांगता येत नाही, दोन्ही हवेत. आपल्याकडच्या शाळेत या प्रकरणाला ‘काळ, काम, वेग’ म्हणतात.

आणि त्याच प्रकरणातलं दुसरं गणित तर याहून भारी आहे. एका हौदाला दोन नळ. पहिल्याने तो तीन तासांत भरतो, दुसऱ्याने चार तासांत रिकामा होतो. दोन्ही एकदम सोडले तर किती तासांत भरेल? उत्तर बारा तास. आम्हाला मात्र प्रश्न पडायचा की कोणता शहाणा दोन्ही नळ एकदम सोडून बसेल. एचआयव्ही बसतो.

डॉक्टरांना वर्षानुवर्षं कोडं पडलं होतं ते असं: मधल्या दहा वर्षांत विषाणूचा आकडा जवळजवळ तसाच राहतो. ५०,००० तर ५०,०००च्या आसपास. याचा सरळ अर्थ लोक असा लावत होते की विषाणू झोपलाय. न्यूयॉर्कचे डेव्हिड हो आणि अलाबामाचे जॉर्ज शॉ यांच्या गटांनी हा अर्थ तपासून पाहिला. रुग्णांना नवी, जबरदस्त औषधं दिली. म्हणजे वरचा नळ बंद केला आणि बघत बसले. विषाणू झोपलेला असता तर पातळी हळूहळू उतरली असती. ती दोन आठवड्यांत शंभरपटीच्या आसपास कोसळली. खालची तोटी सताड उघडी होती! हौद स्थिर दिसत होता तो वरून धो-धो ओतलं जात होतं म्हणून. १९९५च्या जानेवारीत ही दोन संशोधनं शेजारी शेजारी प्रसिद्ध झाली. गणित तपशिलात सोडवलं ॲलन पेरेलसन यांनी, तेही पुन्हा लॉस अलामोसमध्येच. उत्तर: दिवसाला किमान एक हजार कोटी नवे विषाणू. रक्तात विषाणूचं अर्धायुष्य सहा तासांच्या घरात. रोज कोट्यवधी सीडी-४ पेशी मरत होत्या आणि शरीर जवळजवळ तितक्याच नव्या उभ्या करत होतं. बाहेरून माणूस लग्नात जेवत होता.

या एका उत्तरातून औषधोपचाराचं कोडंही सुटलं. रोज हजार कोटी नकला आणि नक्कल करणारं विकर चुकार. म्हणजे विषाणूच्या दहा हजार अक्षरांत जिथे जिथे एक चूक होऊ शकते, ती रोज कुठे ना कुठे होतेच. एकच औषध दिलं तर त्याला पुरून उरणारा विषाणू आधीच तयार असतो. तीन औषधं एकदम दिली तर तिन्ही चुका एकाच कणात जमून येणं जवळपास अशक्य. १९९६पासून तीन औषधांचा उपचार रूढ झाला आणि श्रीमंत देशांतले मृत्यूंचे आलेख उतरायला लागले.

खुणा खोटंही बोलतात, हे त्याच सुमारास एका महागड्या धड्यातून कळलं. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समधल्या १,७४९ लोकांवर झालेल्या ‘काँकॉर्ड’ चाचणीत काहींना एझेडटी हे एकटं औषध लगेच दिलं, काहींना लक्षणं दिसल्यावर. लगेच घेणाऱ्यांचा सीडी-४ वर्षानुवर्षं वरचढ राहिला. आयुष्य मात्र वाढलं नाही. वजनकाट्याची सुई बोटाने पुढे ढकलल्यासारखं झालं.

व्हायरल लोडही सर्वज्ञ नाही. पश्चिम आफ्रिकेत सूटी मँगाबे नावाची माकडं आहेत. माणसातल्या एचआयव्ही-२चा पूर्वज त्यांच्यातलाच. त्यांच्या रक्तात विषाणू लाखांनी असतो आणि ती सुखाने म्हातारी होतात. कारण त्यांचं शरीर विषाणूवर खवळत नाही. म्हणजे माणूस मरतो तो केवळ विषाणूमुळे नव्हे, स्वतःच्या न थांबणाऱ्या खवळण्यानेही. लॉस एंजेलिसच्या जॅनिस जॉर्जी यांनी १९९९ साली दाखवलं की आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर टी-पेशी किती चवताळल्या आहेत हा आकडा व्हायरल लोडपेक्षाही मृत्यूशी जास्त जुळतो. आतड्याची तटबंदी पडल्यावर तिथल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीराला सतत डिवचतात, हा या खवळण्याचा एक उगम. आणि कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेला डी-डायमर? तोही इथे आहे. २००६ साली ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत सीडी-४ चांगला आहे म्हणून ज्यांची औषधं मधूनमधून थांबवली, त्यांच्यात मृत्यू वाढले आणि चाचणी थांबवावी लागली. मेलेल्यांच्या साठवलेल्या रक्तात आधीपासून चढलेले दोन आकडे सापडले: इंटरल्युकिन-६ आणि डी-डायमर. पुन्हा एकदा साठवलेलं रक्तच बोललं.

या चाचणीनंतर सीडी-४चा उंबरठा वर सरकत गेला. ३५०, मग ५००, आणि २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो काढूनच टाकला: लागण कळली की औषध सुरू. भारताने २०१७मध्ये तेच केलं. मधल्या काळात पुण्याचाही हातभार लागला. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत १,७६३ जोडप्यांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचं केंद्र होतं. दुसरं भारतीय केंद्र चेन्नईला. जोडप्यातल्या एकाला लागण, दुसऱ्याला नाही. लागण झालेल्याने लवकर औषध घेतलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११मध्ये दिसलं. जो आकडा केवळ स्वतःच्या आयुष्याचा वेग सांगत होता, तो आता शेजारी झोपणाऱ्या माणसाबद्दलही काही सांगू लागला. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही. २०१८पासून आपल्या एआरटी सेंटरांवर व्हायरल लोड नियमित तपासण्याचा कार्यक्रम सुरू झाला, आणि बाकांवरचा प्रश्नही बदलत गेला. कागदावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ हे तीन शब्द आले की इंग्रजी न येणारा माणूससुद्धा ते ओळखतो.

पण ‘सापडला नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. औषध थांबवलं तर बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांत विषाणू परततो. कुठून? काही मदतनीस पेशींनी त्याची संहिता आपल्या डीएनएत शिवून घेतलेली असते आणि त्या निपचित पडून राहतात. जॉन्स हॉपकिन्सच्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने या साठ्याचं अर्धायुष्य काढलं: ४४ महिने. त्या गतीने तो आपोआप संपायला सत्तर-एक वर्षं लागतील. या पेशी मोजायच्या तर दहा लाखांत एखादीच असते, आणि तीही शेजारच्या निरोगी पेशीसारखीच दिसते. हौद कोरडा आहे, तळाशी कुठेतरी एक ओली चीर आहे. तिच्या कपाळी कोणती टिकली लावायची, त्याचा शोध चालू आहे.